मखमली कोट आणि पाचवं बारसं

मखमली कोटाचा डबा मांडीवर घेऊन उमाशंकर बोळेगावे लातूरपासून ताठ बसले होते. अहमदपूर गेलं, लोहा आलं, पाय बधिर झाले, तरी डबा त्यांनी सीटवर टेकवला नाही. बोळेगाव्यांच्या घरात सोनं बँकेच्या लॉकरमध्ये असायचं आणि हा कोट मांडीवर.

"खाली ठेवा की," अंबिका म्हणाली. दुकानाची वाटणी झाल्यापासून ती नवऱ्याशी गरजेपुरतंच बोलायची, तेव्हा हे तिच्या मानानं भाषणच झालं.

"सव्वाशे वर्षांत हा कोट पायाशी गेला न्हाई."

"सव्वाशे वर्षांत त्यो अंगातबी एकदाच गेला," पुढच्या सीटवरून कमलम्मा म्हणाल्या. वय शहाऐंशी. डोळे गेले होते, गुडघे गेले होते. कान मात्र असे शाबूत होते की मुलाला कधीकधी वाटायचं, उलटं झालं असतं तर बरं होतं.

"अव्वा, आज तरी असं काही बोलू नको. मानानं चाललोय आपण."

मानाची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती, आणि तरीही उमाशंकर ती नव्यानं सांगायचे. विक्टोरिया राणीच्या राज्याचं शेवटचं वर्ष. निजामाच्या मुलखात दुष्काळ पडलेला. किनवट-माहूरच्या रानातली गोंडांची पोरकी पोरं बैलगाड्यांत घालून नांदेडच्या एका धर्मशाळेत आणून ठेवलेली. सिकंदराबादच्या छावणीतल्या कुणा कर्नलच्या मडमेनं अशी टूम काढली की एकेका व्यापाऱ्यानं एकेक पोर पत्करावं, त्याचं खाणंपिणं बघावं, त्याला चांगलं नाव द्यावं आणि नवे कपडे घालून पोरासोबत एक फोटो काढावा. फोटो विलायतेला जाणार होता. उमाशंकरांचे पणजोबा धोंडप्पा छावणीला कापड पुरवायचे, आणि छावणीला कापड पुरवणाऱ्याला दया जरा लवकर येते. त्यांनी रांगेतलं न रडणारं पोर निवडलं. निळ्या मखमलीचा कोट शिवून घेतला. फोटो काढला. धर्म केला म्हणून पोराचं नाव धर्मप्पा ठेवलं. आधीचं नाव काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? नवं ठेवायचंच होतं.

धर्मप्पा दुकानात वाढला. मिसरूड फुटल्यावर एक दिवस त्यानं दुकान झाडलं, केरसुणी जागेवर ठेवली आणि किनवटची वाट धरली. आपली माणसं शोधली, सिडाम हे आडनाव परत लावलं, गोंडाचीच पोरगी केली. त्याला मुलगा झाला तेव्हा धोंडप्पा कोट घेऊन बारशाला हजर. पोराला कोटावर निजवलं आणि बोळेगाव्यांच्या बाईनं कानात नाव सांगितलं: गुरुबसप्पा. गुरुबसप्पाच्या मुलाचं नाव ठेवलं शिवलिंगप्पा. शिवलिंगप्पाला मुलगी झाली, तर तिच्या कानात खुद्द कमलम्मांनी सांगितलं: गिरिजम्मा. अशा रीतीनं एका अस्सल गोंड घरात, लिंगायतांशी एकही सोयरीक न होता, चार पिढ्या लिंगायत नावं नांदली.

आता गिरिजम्मेला मुलगी झाली होती. नाव उमाशंकरांनी ठरवून ठेवलं होतं. धर्मम्मा. वर्तुळ पुरं व्हायला पाहिजे, असं ते म्हणायचे. येत्या शिवरात्रीला लातुरात मोठा सोहळा घ्यायचा, स्टेजवर धोंडप्पांचा फोटो, फोटोखाली पाळणा, पाळण्यात धर्मम्मा, आणि माईकवर उमाशंकर. त्यांना या सोहळ्याची निकड होती, कारण खरं बोलायचं तर धोंडप्पांनंतर बोळेगाव्यांनी सांगण्यासारखं काहीच केलं नव्हतं. कुणी शाळा काढली नाही, पाणपोई घातली नाही, निवडणुकीला उभं राहून पडलंसुद्धा नाही. कापडाचं दुकान होतं, त्याच्या मधोमध यंदा भिंत आली आणि पलीकडच्या बाजूला धाकट्या भावानं लेगिंग विकायला घेतल्या. राहता राहिला तो हा एक मान. तोही गेला तर उमाशंकर बोळेगावे म्हणजे अर्ध्या दुकानाचे मालक, एवढंच उरत होतं.

म्हणून त्यांनी कुणाला न सांगता नांदेडच्या एका फ्लेक्सवाल्याला फोनवरून मजकूर दिला होता. एव्हाना तो गेटवर लागला असणार. गाडी नांदेडात शिरली तसे ते एकटेच गालात हसले.

तरोडा नाक्याच्या पुढं सिडामांचा दुमजली बंगला. फ्लेक्स एवढा मोठा निघाला होता की बंगला त्याच्यामागं भाड्यानं घेतल्यासारखा दिसत होता. वरच्या कोपऱ्यात पागोटेवाले धोंडप्पा. मध्ये हात जोडलेले उमाशंकर. खाली सोनेरी अक्षरांत: 'बोळेगावे परिवाराच्या आश्रयाखालील पाचवी पिढी, चि. धर्मम्मा हिच्या नामकरणानिमित्त हार्दिक शुभेच्छा!' आणि त्याखाली, फुलांच्या गोलात, एक निळ्या डोळ्यांचं, पिंगट केसांचं, गोरंपान बाळ.

फ्लेक्सखाली गिरिजम्मा उभी होती. दीड महिन्याची बाळंतीण, डोक्याला रुमाल, हाताची घडी. ती कंधारला पशुवैद्यकीय अधिकारी होती. अडलेल्या म्हशीला सोडवताना म्हशीच्या मालकाला आधी गप्प करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा आवाज तिनं सरावानं कमावला होता.

"या काका. हे काय आहे?"

"कसा वाटला?"

"आश्रयाखालील?"

"फ्लेक्सवाला 'आश्रित' लिहून राहिला होता. मी म्हणलं, न्हाई बाबा, त्यांना वाईट वाटंल."

"बरं झालं तुम्ही आमचा विचार केलात. आणि हे लेकरू कुणाचं?"

उमाशंकरांनी ते लेकरू आत्ताच पाहिलं. निळ्या डोळ्यांनी ते त्यांच्याकडं बघत होतं.

"त्यानं कुठून तरी टाकलं असंल. तुझ्या नवऱ्याला मी दोनदा फोटो मागितला. त्यानं पाठवलाच न्हाई, त्याला कोण काय करणार?"

नवरा, म्हणजे आनंदराज मडावी, बँकेतला मनुष्य, हातात पक्कड घेऊन बाजूला उभाच होता. "तारा तोडू का?" त्यानं बायकोला विचारलं.

"आनंदराज, थांबा, थांबा!" पायऱ्यांवरून शिवलिंगप्पा सिडाम घाईघाईनं उतरत आले. आश्रमशाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, परीटघडीचा शर्ट, खिशाला अजूनही पेन. "सावकार आलेत दारात आणि तुम्ही पक्कड घेऊन काय उभे? गिरिजा, आधी पाणी तरी इचार. अव्वा, या, माझा हात धरा."

उमाशंकरांना हायसं वाटलं. शिवलिंगप्पा होता तोवर काळजी नव्हती. शिवलिंगप्पा जुन्या वळणाचा माणूस. त्याला मान कळत होता.

पाळणा वर गच्चीवर सजत होता. खालच्या खोलीत कमलम्मांना पलंगावर बसवलं, शिवलिंगप्पांची बायको चांगुणाबाई चहा ठेवून गेली, आणि जाताना दार नुसतं लोटण्याऐवजी नीट लावून गेली. काहीतरी ठरलेलं आहे, हे उमाशंकरांच्या तेव्हा लक्षात आलं. डबा त्यांनी मांडीवर घट्ट धरला.

गिरिजम्मा खुर्ची ओढून समोर बसली. "काका, सरळ सांगते. पोरीच्या जन्मदाखल्यावर नाव आम्ही लिहिणार. ते धर्मम्मा नसणार."

"कामून? वाईट हाय का नाव?"

"नाव चांगलं आहे. आमचं नाही."

"सव्वाशे वर्षं आम्ही ठेवतोय आणि तुमचं न्हाई?"

"गिरिजा," शिवलिंगप्पा म्हणाले, "सावकारांशी बोलून राहिलीस तू."

"अप्पा, तुम्ही विसरलात का माझी जात पडताळणी?" ती परत उमाशंकरांकडं वळली. "गिरिजम्मा, शिवलिंगप्पा, गुरुबसप्पा, धर्मप्पा. चार पिढ्या वाचून तिथला साहेब हसायला लागला. म्हणाला, एवढं सोवळं लिंगायत घर आमच्या पाहण्यात नाही, आणि तुम्ही गोंड म्हणून सवलत मागता?"

"म्हणून तर मी साक्षीला आलो होतो!" उमाशंकर एकदम खुलले. तो त्यांच्या आयुष्यातला चांगला दिवस होता. ते नवीन जाकीट घालून गेले होते, अर्धा तास बोलले होते, आणि साहेबानं पेन खाली ठेवून ऐकलं होतं. "दुकान बंद ठेवून आलो. माझ्या साक्षीनंच तुझं काम झालं की."

"काय साक्ष दिलीत, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? म्हणालो, धर्मप्पाला आमच्या पणजोबांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. ताटात घेऊन जेवले. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मग साहेबानं काय विचारलं?"

"इचारलं, दत्तक घेतलं होतं का."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

उमाशंकरांनी कप उचलला. कप रिकामा होता. "आता भाषणाचा ओघ असतो, गिरिजा. माणूस शब्दन् शब्द मोजून बोलतो का?"

"काय म्हणालात?"

"म्हणालो... दत्तकच म्हणा की!"

दाराशी उभ्या आनंदराजनं पक्कड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"झालं," गिरिजम्मा म्हणाली. "दत्तक म्हणजे तुमच्यातलेच झालो आम्ही. त्या एका वाक्यापायी माझी दोन वर्षं गेली, काका. कॉलेजची सीट गेली. माझ्या बरोबरीच्या पोरी थर्ड इयरला गेल्या तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. किनवटकडून एक म्हातारबाबा आले, त्यांनी आमचं कूळ सांगितलं, देव सांगितले, तेव्हा कुठं सुटले मी. माझ्या पोरीला हे नको. तिच्या नावावरून तिची माणसं कळली पाहिजेत."

"पण मला हे कुणी सांगितलं न्हाई!"

"मी सांगितलं होतं," अंबिका म्हणाली.

उमाशंकरांनी बायकोकडं पाहिलं.

"परत येताना, एसटीत. म्हणलं, तुम्ही दत्तक का म्हणालात? तुम्ही म्हणालात, साहेब कसा गार झाला बघितलंस का. मग निळे गाव येईपर्यंत जाकीट कुठं शिवलं ते सांगत बसलात."

"निळे गाव कुठं आलं नांदेड-लातूर रस्त्यावर?"

"नसंल आलं. जाकीट मात्र आलं सारखं." एवढं बोलून अंबिका उठली, आणि नवऱ्याच्या शेजारची जागा सोडून गिरिजम्मेच्या शेजारी जाऊन बसली. चार पावलांचं अंतर असेल. उमाशंकरांना दुकानात भिंत आली त्या दिवसाची आठवण झाली.

आता एकच मार्ग होता. घराण्यातला, खात्रीचा. धोंडप्पांनी एकदा वापरला होता, वडलांनी दोनदा. उमाशंकर डबा घेऊन उभे राहिले.

"ठीक हाय. जिथं मान न्हाई तिथं बोळेगावे पाणी पीत न्हाईत."

"चहा प्यालास की रं आत्ता," कमलम्मा म्हणाल्या.

"अव्वा, ऊठ. चाललो आपण."

कुणीतरी हात धरतं, खांद्यावर दाबून बसवतं, बायका पदर डोळ्याला लावतात आणि पोरासोरांना माफी मागायला लावतात, असा त्या मार्गाचा पुढचा भाग होता. शिवलिंगप्पा उठले. त्यांनी हात धरला. उमाशंकरांनी मनात सुटकेचा श्वास घेतला.

"सावकार," शिवलिंगप्पा हळू आवाजात म्हणाले, "नाव ठेवून झालंय."

"कुणी ठेवलं?"

"मी. आज पहाटे. आमच्या घरची रीत हाय. बाहेरचं माणूस यायच्या आधी घरातल्या थोरल्या माणसानं लेकराच्या कानात नाव सांगायचं आणि कानामागं हळदीचं बोट लावायचं."

"म्हणजे यंदापासून रीत बदलली तुम्ही!"

"बदलली न्हाई, सावकार. पहिल्यापासूनच हाय. हिचं नाव माझ्या अण्णांनी, गुरुबसप्पांनी, ठेवलं होतं. माझंबी त्यांनीच. अण्णांचं धर्मप्पाबांनी. बोळेगाव्यांची गाडी यायच्या आधी."

उमाशंकर त्यांच्याकडं बघत राहिले. "मग आम्ही जे ठेवत होतो, ते काय होतं?"

"ते शाळेतलं."

"शिवलिंगप्पा, तू मला चाळीस वर्षं ओळखतोस. हे तू मला सांगितलं कामून न्हाई?"

शिवलिंगप्पांनी फरशीकडं पाहिलं. नापास पोराच्या बापाला निकाल सांगताना मुख्याध्यापक बघतात, तसं. "अण्णांची ताकीद होती. ते म्हणायचे, बोळेगावे कोट घेऊन येतात, लई आनंदानं येतात. येऊ द्या. ठेवतील ते नाव ठेवू द्या. त्यांचं मन मोडू नका, त्यांच्याकडं सांगायला दुसरं काही न्हाई."

उमाशंकर खाली बसले. बसताना त्यांनी डबा फरशीवर, आपल्या पायाशी ठेवला, आणि ठेवला हे त्यांना कळलंही नाही.

आयुष्यभर त्यांनी या घराकडं एका ठरावीक उंचीवरून पाहिलं होतं. दिवाळीला फराळ पाठवला होता, बारावीच्या निकालाला पेढे मागवले होते, 'आमचं एक आदिवासी कुटुंब आहे' असं चारचौघांत सांगितलं होतं. आणि इकडं हे कुटुंब गेली कित्येक वर्षं बोळेगाव्यांना सांभाळून घेत होतं. त्यांना बारशाला बोलवत होतं, नाव ठेवू देत होतं, जेवू घालून, आहेर देऊन, खूश करून लातूरला परत पाठवत होतं. पत्करलेलं पोर नेमकं कुणाचं कोण होतं, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही.

"अव्वा," ते म्हणाले, "ऐकलंस का हे?"

"मला ठाऊक हाय."

"तुला?"

"हिच्या बारशाला मी वाकले तवा कानामागं हळद व्हती. वली व्हती अजून. माझ्या बोटाला लागली. मी पदराला पुसली आन् गिरिजम्मा म्हणले."

"आणि घरी काही बोलली न्हाईस?"

"तुझ्या बापाला सांगू? त्यो चार दिस जेवला नसता. मंग माझ्याच डोक्याला ताप." कमलम्मांनी पाय पलंगावर घेतले. "आता निघालंच हाय तर कोटाचंबी ऐक. फोटू निघाला तसा त्यो कोट पोराच्या अंगातनं काढून पेटीत ठिवला. थंडीचे दिवस व्हते. सासूबाई सांगायच्या."

"सासूबाईंना काय म्हाईत? त्यांचं लग्न तर लई नंतर झालं."

"त्यांना धर्मप्पानं सांगितलं व्हतं. रागानं न्हाई. हसत हसत सांगितलं म्हणं."

"अव्वा, कोट जपण्यासाठीच काढला असंल. मखमल हाय, दुष्काळात मखमल..."

"साकु, उमा," कमलम्मा कानडीत म्हणाल्या. पुरे, एवढाच त्याचा अर्थ होता, पण उमाशंकरांच्या लहानपणापासून त्या एका शब्दानंतर घरात कुणी पुढं बोललेलं नव्हतं.

दारावर थाप पडली. "ताई, पाळणा सजला! पाहुणे खोळंबलेत! लातूरची आज्जी कुठाय?"

गिरिजम्मा उठली. तिचा आवाज आता म्हशीच्या मालकाशी बोलायचा राहिला नव्हता. "आज्जी, चला. कानात तुम्हीच सांगायचं. मान तुमचाच आहे, तो कुणी काढून घेत नाही. फक्त यंदापासून घरातलं नाव आणि शाळेतलं नाव एकच. दोन नावांचा ताप मी भोगलाय."

"काका, तुम्ही पण चला," आनंदराज म्हणाला. पक्कड त्यानं कधीतरी खिशात ठेवली होती.

उमाशंकरांना गाडीत जाऊन बसायचं होतं. पण शिवलिंगप्पांनी हात अजून सोडला नव्हता. ते कशासाठी धरून राहिलेत, जाऊ नये म्हणून की पडू नये म्हणून, हे उमाशंकरांना नीटसं कळलं नाही, आणि जिना चढताना त्यांनी विचारलंही नाही.

गच्ची भरली होती. कंधारच्या दवाखान्यातली माणसं, बँकेतली माणसं, शेजारपाजार, आणि एका बाजूला किनवटकडचे पाहुणे. त्यांत पांढरा फेटा बांधलेले एक म्हातारबाबा खुर्चीवर उकिडवे बसलेले. पाळण्याला झेंडूच्या माळा आणि पाळण्याशेजारी स्टँडवर माईक, कारण हल्ली नांदेडात बाळ शिंकलं तरी माईकवर शिंकतं. वारा गार सुटला होता. अंबिकेनं डबा उघडला. कोट नेहमी बाळाच्या खाली अंथरायचा असे. तिनं तो झटकला, आणि सरळ बाळाच्या अंगावर घातला. सव्वाशे वर्षांच्या डांबरगोळीच्या वासानं बाळाला शिंक आली, आणि ती शिंक गेटपर्यंत ऐकू गेली.

"चला आज्जी, वाका," बायका म्हणाल्या.

"माझे गुडघे वाकत न्हाईत. उमा, तू वाक."

"अगं बाई, गडीमाणूस कानात नाव सांगणार?"

"बायांनी तीन येळा सांगितलं. काय उजेड पडला?" कमलम्मा म्हणाल्या. "वाक रं."

उमाशंकर वाकले. लातूरपासून त्यांनी 'धर्मम्मा' हे नाव तोंडात गोळीसारखं घोळवत आणलं होतं. माईकसमोर जन्मात त्यांची कधी पंचाईत झाली नव्हती. हातात माईक नसला तरी ते असल्यासारखे बोलायचे. ते पाळण्याची कड धरून आणखी खाली गेले. निळ्या मखमलीतून एवढासा काळासावळा चेहरा त्यांच्याकडं बघत होता. फ्लेक्सवरच्या बाळासारखा मुळीच नव्हता. त्यांनी कुंची किंचित सरकवली. कानामागं हळदीचं बोट होतं, वाळून भेगाळलेलं.

आता काय सांगायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. खाली खोलीत त्या सगळ्या गडबडीत त्यांनी ती एक गोष्ट विचारलीच नव्हती.

"नाव काय गं तुझं?" ते म्हणाले.

माईकनं ते गच्चीभर नेलं. बायकांचा गलका थांबला. असं बारसं कुणी पाहिलं नव्हतं. नाव सांगायला आलेला माणूस पाळण्यातल्या लेकराला नाव विचारतोय. पांढऱ्या फेट्याचे म्हातारबाबा मात्र खुर्चीवरून पाय खाली सोडून नीट बसले, हा प्रश्न कधीतरी येणार हे ठाऊक असल्यासारखे.

बाळाच्या वतीनं गिरिजम्मा बोलली. "जंगू."

"जंगू," उमाशंकर म्हणाले.

"शाळेत जंगूबाई. पण तेच. पहिलंच नाव आहे आमच्या घरातलं."

"पहिलं म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या फोटोतल्या पोराचं, काका. धर्मशाळेत आणलं तेव्हाचं. त्यानं ते मुलाला सांगून ठेवलं होतं. कुणी ना कुणी परत लावील म्हणून."

उमाशंकर पुन्हा वाकले. कानाशी तोंड नेऊन, माईकला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी ते नाव सांगितलं. मग बायकांनी त्यांच्या पाठीत रीतीप्रमाणे बुक्क्या घातल्या. आत्याला हळू घालतात. त्यांना कुणी हळू घातल्या नाहीत, अंबिकेनं तर नाहीच.

जेवणं झाली. पंक्तीत शिवलिंगप्पांनी आग्रह करकरून त्यांना वाढलं, आणि उमाशंकर मुकाट्यानं जेवले. निघताना कमलम्मांनी कोट परत मागितला नाही आणि चांगुणाबाईंनी तो द्यायला आणला नाही. गेटवर उमाशंकरांनी आनंदराजकडून पक्कड मागून घेतली आणि फ्लेक्सच्या तारा स्वतः तोडल्या. घडी घालून तो कोटाच्या रिकाम्या डब्यात बसवायचा प्रयत्न केला. बसेना. धोंडप्पा गेले, ते स्वतः गेले, निळ्या डोळ्यांचं बाळ काही आत जाईना. शेवटी त्यांनी सगळी वळकटी तशीच मांडीवर घेतली आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.

लोहा आलं.

"खाली ठेवा की," अंबिका म्हणाली.

त्यांनी ठेवली. पाय मोकळे झाले. दुकानातल्या फोटोला ते रोज सकाळी उदबत्ती लावायचे. उदबत्ती धोंडप्पांना असायची आणि धूर शेजारच्या पोराच्या तोंडावर जायचा. कोटाच्या बाह्या हाताखाली लोंबत होत्या त्या पोराच्या, एवढं त्यांना आठवत होतं. चेहरा आठवेना. उद्या दुकान उघडल्यावर आधी तो बघायचा, असं त्यांनी ठरवलं.

"अव्वा," थोड्या वेळानं ते म्हणाले, "जंगू तवा किती वर्षांचा होता गं?"

कमलम्मांनी काच खाली घेतली.

"कुणी इचारलं व्हतं का त्याला?"